वरूनराव

तंजावरच्या मराठी घरांत पुरुषाच्या नावामागे बहुधा राव लागतो. माझ्या मामेसासऱ्यांचं नावही असंच कुठल्याशा देवाचं, मागे राव लावलेलं. पण ते आता रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकांवरच उरलंय. घरात, गल्लीत, हार्डवेअरच्या दुकानात आणि पुण्या-मुंबईपासून चेन्नैपर्यंत पसरलेल्या भाचेमंडळींत त्यांना सगळे वरूनराव म्हणतात. कारण कुठल्याही अडचणीवर मामांकडे एकच तोडगा असतो. "त्याला हात लावू नका. वरून टाका."

भिंतीचा रंग उडाला तर तो खरवडायचा नाही, वरून एक हात मारायचा. खिडकीच्या चौकटींवर ऑइलपेंटचे इतके हात बसले आहेत, की खिडक्या आता पुऱ्या मिटत नाहीत आणि पावसाळ्यात मामी त्यांच्या फटींत वर्तमानपत्र कोंबतात. सोफा आला तेव्हा त्यावर दुकानाचं प्लास्टिक होतं. ते तसंच ठेवून वर खोळ चढली, खोळीवर मामींची जुनी सुंगुडी साडी आणि त्यावर टॉवेल. सोफ्याचा मूळ रंग कोणता, हे आता फक्त मामींना आठवतं. त्या म्हणतात, तो मामांना पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.

कॅलेंडरची गोष्ट तर गल्लीभर सांगितली जाते. तमिळ घरांत रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. वर्ष संपलं की पानं संपतात आणि देवाच्या चित्राचा पुठ्ठा मागे राहतो. देवाला कचऱ्यात कसं टाकायचं? म्हणून मामा नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर, वरून लावतात. समोर मुरुगन, मुरुगनामागे लक्ष्मी, लक्ष्मीमागे तिरुपतीचा बालाजी, त्याच्यामागे आणखी कोण कोण. एका पोंगलला त्या वजनाने खिळा वाकला. मामांनी तो काढला नाही. त्याच्या वर चार बोटांवर दुसरा ठोकला.

मामा कंजूष आहेत असा समज होईल, पण तो चुकीचा. पाहुण्याला दुसरी डिग्री कॉफी घेतल्याशिवाय ते उठू देत नाहीत आणि तिसरीला विचारतही नाहीत, पितळी डबऱ्यात सरळ ओततात. त्यांच्या या स्वभावाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. उभा जन्म त्यांनी एका बँकेत लेजर लिहिली. कॉम्प्युटर येण्याआधीच्या बँकेत खाडाखोड हा गुन्हा होता. आकडा चुकला तर खोडरबर नाही, ब्लेड नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. खालचा चुकलेला आकडा वाचता आलाच पाहिजे, हा नियम. मामा निवृत्त झाले, नियम झाला नाही.

शिवाय तंजावरात राहून माणूस आणखी कसा वागणार, असा त्यांचा उलटा सवाल असतो. महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला की मामा त्याला मोठ्या देवळात नेतात. मराठी पाहुणा तिथे हरखून उभा राहतो आणि मामा त्याला वरून टाकण्याचं तत्त्वज्ञान सांगतात.

"हे पाहा माप्पिळ्ळै," मला जावई म्हणून ते तमिळ शब्दानेच हाक मारतात, "राजराज चोळाने 1010 साली हे देऊळ पुरं केलं. गाभाऱ्याभोवती आत अंधारी वाट आहे, तिच्या भिंतींवर चोळांनी चित्रं काढवली. पाचशे वर्षांनी नायकांचं राज्य आलं. त्यांना आपली चित्रं हवी होती. मग चोळांची खरवडली का? नाही. वरून गिलावा दिला, त्यावर आपली काढली. 1931 साली अण्णामलै विद्यापीठाच्या गोविंदस्वामींना वरच्या गिलाव्याचा पोपडा सुटलेला दिसला आणि आतून चोळ बाहेर आले. हजार वर्षांचा रंग! कुणामुळे टिकला? वरून टाकणाऱ्यांमुळे."

"आणि पुढे?" पाहुणा विचारतोच.

"पुढे पुरातत्त्व खातं आलं. त्यांनी तरी काही फोडलं का? वरची नायकांची चित्रं अलगद सोलून घेतली आणि फायबरग्लासच्या पाट्यांवर चढवली. दोन्ही शिल्लक."

राजवाड्यापाशी या पाठाचा दुसरा धडा होतो. वाडा नायकांचा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे आले, भोसल्यांचं राज्य झालं. त्यांनी वाडा पाडला नाही, त्याला जोड दिली. ग्रंथालयाची सुरुवात नायकांची, सरफोजीराजांनी त्यावर आपल्या पोथ्यांची आणि इंग्रजी पुस्तकांची भर घातली. तोच आजचा सरस्वती महाल. एवढंच काय, 1803 साली सरफोजींनी भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरवला, तो त्याच मोठ्या देवळाच्या भिंतीवर. "देऊळ चोळांचं, अक्षरं आपली. कुणाचं काय बिघडलं? फोडाफोडी करायला आला तो डलहौसी. 1855 साली गादीला मुलगा नाही म्हणून राज्यच खालसा करून टाकलं. त्या माणसाला वरून टाकणं माहीतच नव्हतं."

डलहौसीवर हा आरोप मी दुसऱ्या कुठल्याही इतिहासात वाचलेला नाही.

आता मुद्द्याकडे, म्हणजे फरशीकडे. मामांचं घर जुन्या पेठेतलं. बाहेर तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, मग सागवानी दाराच्या दोन झडपा, आत झोपाळा टांगलेला लांबट हॉल आणि त्याच्या पलीकडे उघडा चौक. मामांच्या आजोबांनी हॉलला तांबडी जमीन करून घेतली होती. सिमेंटमध्ये लाल ऑक्साइडची पूड कालवून ओतायची आणि घोटून घोटून गुळगुळीत करायची, अशी ती दक्षिणेतली जुनी जमीन. घरातल्या बायकांनी ती वर्षानुवर्षं नारळाच्या सोडणाने घासून अशी चकचकीत केली होती, की उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर उघड्या पाठीने पडलं की पंखा नको वाटायचा.

नव्वदच्या दशकात गल्लीत सिरॅमिकची लाट आली. फूट बाय फूट, साईच्या रंगाची, मधोमध तपकिरी फूल. शेजारच्या तिन्ही घरांनी तांबडी जमीन फोडून ती फुलं बसवली. मामांनीही बसवली, पण फोडून नाही. वरून. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की पुढची पंचवीस-तीस वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला ते बोटाने खाली दाखवून सांगत, "याच्याखाली आजोबांची जमीन आहे, जशीच्या तशी."

मग एका मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या उन्हात, भर दुपारी हॉलमध्ये स्फोट झाल्यासारखा आवाज झाला. मामी देवघरातून धावत आल्या. झोपाळ्याखालच्या दोन फरश्या कडांनी एकमेकींना रेटून बोटभर वर उठल्या होत्या. फरश्या उन्हाने फुगतात, पसरायला भिंतीकडेला जागा नसेल तर वर उठतात. खालची पकड ढिली असेल तर हमखास. मामांनी परिस्थितीची पाहणी केली आणि त्यावर टीपॉय ठेवला.

पुढच्या आठवड्यात उंचवटा टीपॉयच्या बाहेर आला. त्यावर चटई आली. चटईवर पाय अडखळून सकाळचा दूधवाला पडला, तेव्हा चटईच्या कडेने मामांनी कुंड्या मांडल्या. शेवटी नवरात्रात बाहुल्या मांडायच्या कोलूच्या पायऱ्या कुठे लावायच्या, असा प्रश्न मामींनी काढला. तंजावरात या प्रश्नापुढे पुरुषाचं काही चालत नाही.

चेन्नैच्या मुलाने फोनवर निकाल दिला. "अप्पा, सगळं फोडून टाका. खालची लाल जमीनही काढा. लेव्हल नीट करून नवीन व्हिट्रिफाइड बसवा."

फोडायचं म्हणजे काय, याचं वर्णन मामांनी मला केलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर युद्धाची छाया होती. हातोडे, छिन्न्या, दोन आठवडे धूळ, ट्रॅक्टरभर राबिट, पोथ्यांवर पांढरा थर, मामींना खोकला. शेवटची दोन कारणं खरी होती. मुलाने मग दुसरा पर्याय सुचवला. हल्ली व्हिनाइलच्या पट्ट्या मिळतात, एकीत एक अडकवत जायचं, चिकटवायचंसुद्धा नाही, एका दिवसात हॉल पुरा. त्याला मात्र खालची जमीन सपाट लागते, नाहीतर जुन्या फरश्यांचे सांधे काही महिन्यांत वर उमटतात. मामांनी तो पर्याय सांध्यांपर्यंत पोहोचूच दिला नाही.

"घरात प्लास्टिक नको."

"सोफ्याला चालतं," मामी म्हणाल्या.

तेव्हा ठरलं की जुन्या फरशीवरच नवी व्हिट्रिफाइड बसवायची. मोरबीचा माल, दोन फूट बाय दोन फूट, पांढरा. मामांना सगळं विश्व आपल्या बाजूला आल्यासारखं वाटलं, कारण दुकानदारानेही सांगितलं, "सार, आता टाइलवर टाइलच बसवतात सगळे. त्यासाठी निराळी ॲढेसिव्ह आलीय." मामांनी हे वाक्य मला फोनवर तीनदा सांगितलं.

मग कोत्तनार आला. तमिळनाडूत गवंड्याला कोत्तनार म्हणतात, आणि हा पेठेतला जुना, बोलायला कमी. मामा जे सांगतील त्याला तो तंजावरच्या तलैयाट्टी बाहुलीसारखी मान डोलवी आणि म्हणे, "पण्णिडलाम् सार." म्हणजे, करून टाकू. मामांना वाटलं, माणूस आपल्या मताचा आहे. तंजावरची ती बाहुली कितीही ढकलली तरी शेवटी आपल्याच जागी येऊन उभी राहते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या सकाळी त्याने हातोडा आणला नाही. लुंगी गुडघ्यावर दुमडून तो हॉलच्या कोपऱ्यात उकिडवा बसला, थापी उलटी धरली आणि तिच्या लाकडी मुठीने पहिल्या फरशीवर ठोकलं. मधोमध एकदा, मग चारही कोपऱ्यांवर. टक्, टक्, टक्, टक्, टक्. पुढची. टक्, टक्. मग आवाज बदलला. डब्. त्याने खिशातून खडूचा तुकडा काढून त्या फरशीवर फुली मारली आणि पुढे सरकला.

मामा त्याच्यामागून ओणवे चालले होते. "ही चांगली आहे की."

"आत रिकामी आहे, सार."

"आवाज जरा बसलाय एवढंच."

कोत्तनाराने मान डोलवली आणि फुलीवर आणखी एक फुली मारली.

तासाभराने चित्र असं दिसलं. चौकाकडचा अर्धा हॉल साफ, एकही फुली नाही. झोपाळ्याखालचा आणि दारापर्यंतचा भाग फुल्यांनी पांढरा. कोत्तनार उठला, पाठ सरळ केली आणि आपलं एकमेव लांब वाक्य बोलला. टाइलवर टाइल बसेल. पण ती खालच्या टाइलला धरते, जमिनीला नाही. खालची सुटली असेल तर वरचीही तिच्याबरोबर जाते. फुल्यांच्या तेवढ्या काढाव्या लागतील, खड्डे भरून समतल करावे लागतील, मग वरून.

मामांनी तडजोडीची सगळी कलमं मांडली. बारीक भोक पाडून आत सिमेंटचं पाणी सोडता येईल का? कोत्तनार गप्प. दारापाशी जाजम येणारच आहे, तेवढी जागा राहू द्यावी? गप्प. "झोपाळा हलवून तिथे लोखंडी कपाट ठेवतो. खाली रिकामं आहे, हे कुणाला कळणार?"

"कपाटाला कळेल, सार."

फुलीची पहिली फरशी निघाली तेव्हा मी तिथे होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ती फोडावी लागलीच नाही. छिन्नीचं टोक कडेखाली गेलं आणि ती पाठीच्या सिमेंटसकट, अख्खी, हातात आली. खाली आजोबांची जमीन. लाल, गुळगुळीत, ओल्या फडक्याने पुसल्यावर तीत कोत्तनाराचा चेहरा दिसेल अशी. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा! म्हटलं नव्हतं? जशीच्या तशी!"

कोत्तनार काही बोलला नाही. तो उठून चौकाच्या बाजूला गेला आणि तुलना करायला तिकडची एक, फुली नसलेली, फरशी काढायला घेतली. ती मात्र निघेना. चार तुकडे झाले तेव्हा निघाली. तिच्याखालची लाल जमीन सगळी खाचांनी भरलेली होती. बोट-बोट अंतरावर छिन्नीचे घाव. गुळगुळीत जमिनीला सिमेंट धरत नाही म्हणून नव्वदच्या दशकातल्या त्या कोत्तनाराने ती आधी ठेचून खरबरीत केली होती.

"हे कुणी केलं?" मामांनी विचारलं. आवाजात डलहौसीसाठी राखून ठेवलेला राग होता.

मामी झोपाळ्यावर पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुम्हीच करवलंत. तो माणूस चौकाकडून खाचा पाडत आला. अर्ध्यात तुम्ही बँकेतून जेवायला आलात, घाव पाहिलेत आणि ओरडलात, आजोबांच्या जमिनीला हात लावायचा नाही, तशीच वरून टाक. तो बिचारा म्हणत होता, धरणार नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. मग त्याने पुढची तशीच टाकली."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. खडूच्या फुल्या बरोबर तिथून सुरू होत होत्या जिथे मामा जेवायला आले होते.

दुसरा कुणी असता तर या पुराव्यापुढे खचला असता. मामांनी दोन क्षण विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे अर्धी तरी जशीच्या तशी आहे ना?" तिथे मला या माणसाबद्दल खरा आदर वाटला.

त्यानंतरचं काम मामांच्या देखरेखीखाली झालं, म्हणजे ते खुर्ची टाकून बसले आणि कोत्तनाराने हवं तसं केलं. खड्डे भरले. भिंतीला पाणसळ लावून दोरी ताणली, कुठे दोन-तीन मिलिमीटरचा उतार होता तो सारखा केला. तीस वर्षांचं तेल, मेण आणि फिनाइल साबणाने घासून काढलं. मग ग्राइंडरची चकती आली. सिरॅमिकवरची ती चकचकीत साय काचेसारखी बंद असते, पाणी पीत नाही. साधं सिमेंट तिला धरूच शकत नाही आणि चांगल्या ॲढेसिव्हलाही खरबरीत केलेला पृष्ठभाग लागतो. तपकिरी फुलांवर चकती फिरू लागली तेव्हा मामा उठून देवळात गेले.

आले तेव्हा ॲढेसिव्हची बादली तयार होती. आपल्याकडे त्याला भारतीय मानक आहे, 15477 क्रमांकाचं, आणि गोणीवर कुठला प्रकार लिहिलाय ते वाचूनच घ्यावं. सगळे प्रकार टाइलवर टाइल बसवायला चालत नाहीत. मामांनी गोणी वाचली, पुढून, मागून आणि शिवणीच्या आत. वीस किलोच्या गोणीत, थर पातळ असेल तर, साधारण पन्नास चौरस फूट होतात. हे कळल्यावर काटकसरीची एक जुनी कल्पना त्यांना सुचली. "पाच ठिपके टाकायचे. चार कोपऱ्यांना, एक मधोमध. आमच्या बँकेत असंच केलं होतं."

कोत्तनाराने मान डोलवली, दातेरी थापी घेतली आणि सगळ्या जमिनीवर एका दिशेने सरळ रेघा ओढल्या. फरशीच्या पाठीवरही हात फिरवला. बसवली, दाबली, जराशी सरकवली आणि मग परत उचलून मामांसमोर उलटी धरली. रेघा दाबल्या जाऊन सगळी पाठ भरलेली, कुठे पोकळी नाही. "ठिपके टाकले तर मधे हवा, सार. खुर्चीचा पाय पडला की कोपरा गेला." ती पुन्हा बसवली. मामांना तपासणी हा प्रकार पटतो. त्यानंतर त्यांनी आणखी चार-पाच फरश्या उचलून दाखवायची मागणी केली, तेव्हा मामींनी त्यांना पोस्टात पाठवलं.

भिंतीकडेला कोत्तनाराने करंगळीच्या अर्ध्या जाडीची फट सोडली. मामांना ती सहन होईना. "पैसे अख्ख्या हॉलचे दिलेत." मागच्या मे महिन्यात काय झालं, एवढीच आठवण कोत्तनाराने करून दिली. ती फट आता स्कर्टिंगखाली झाकली गेली आहे, आणि झाकलेली असल्यामुळे मामांची तिच्याबद्दल तक्रार नाही.

माडीवरच्या खोलीतही हेच करावं, असा मामांचा आग्रह होता. कोत्तनाराने त्या खोलीच्या खाली जाऊन वरचं छत पाहिलं. जुन्या घरांतलं मद्रास टेरेस, लाकडी तुळया आणि उभ्या विटांचं. मग त्याने हिशेब सांगितला. चार फरश्यांचं खोकं अठ्ठावीस-तीस किलोंचं, त्यात सोळा चौरस फूट होतात. दीडशे फुटांच्या खोलीला ॲढेसिव्ह धरून सव्वातीनशे किलो ओझं, तेही असलेल्या ओझ्यावर. "वर नको, सार." त्या खोलीच्या बरोबर खाली मामांचा पलंग आहे. मामा म्हणाले, "बरोबर आहे, प्रत्येक ठिकाणी वरून टाकून चालत नाही." हे वाक्य मामींनी मला लिहून ठेवायला सांगितलं होतं, म्हणून लिहिलं.

हॉल पुरा झाला आणि चौदा मिलिमीटरचा प्रताप सुरू झाला. नऊची फरशी, वर पाचचा थर. कागदावर काहीच नाही. पण बाहेरचं सागवानी दार आत उघडतं. पणजोबांच्या वेळचं दार, पितळेच्या गोंड्यांचं. सकाळी मामा ते उघडायला गेले तर नव्या फरशीला टेकून थांबलं. आसारी, म्हणजे सुतार, आला, त्याने झडपेखाली पट्टी सरकवून पाहिली आणि रंधा काढला.

"दाराला वरून काही करता येत नाही का?" मामांनी विचारलं.

सुताराला प्रश्नच कळला नाही. तीस वर्षांच्या सिरॅमिकचा एक टवका उडू नये म्हणून ज्यांनी एवढं आकाशपाताळ एक केलं, त्यांच्या देखत पणजोबांच्या दाराचा अर्धा इंच रंध्याखाली गेला. मामांनी सगळा भुसा गोळा केला. तो बिस्किटांच्या डब्यात ठेवलेला आहे. डब्यावर चिठ्ठी लावलेली आहे, आधीच्या चिठ्ठीवरून.

उंबराही आतून तेवढाच बुटका झाला.   न्हाणीच्या दाराची, चौकाच्या कडेची, सगळीकडची पायरी बदलली आणि घरातले लोक काही दिवस सपाट जागेवर ठेचकाळत होते.

पण खरा प्रसंग स्वयंपाकघरात झाला, कारण तिथेही फुलांवर नवी फरशी पडली. ओट्याखाली मामींचं वेट ग्राइंडर असतं, दगडी, ओढून बाहेर काढायचं. ते उचलायला जड म्हणून मामांनी सांगितलं, "त्याला हात लावू नका, त्याच्या पुढपर्यंत टाका." कोत्तनाराचा त्या दिवशी मुलगा आला होता कामाला, त्याने ऐकलं. संध्याकाळी मामींनी इडलीचे तांदूळ उपसून ग्राइंडर ओढलं. ते अर्धा इंच खाली होतं आणि वर ओट्याची कडप्पा. पुढून फरशी, वरून दगड. तिरकं करून पाहिलं, मागे रेटून पाहिलं, मामांनी खाली नारळाचं तेल सोडून पाहिलं. ग्राइंडर आत बसून राहिलं.

दोन दिवस पीठ शेजारून वाटून आणलं. तंजावरच्या घरात दुसऱ्याच्या ग्राइंडरचं पीठ म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि मामांच्या देखत कोत्तनाराला एकच शब्द म्हणाल्या.

"फोडा."

कोत्तनाराने मान डोलवली. नव्या दोन फरश्या फोडायला त्याला दुपार झाली. चकतीने काप घेतले, छिन्नी लावली, चहा प्याला, पुन्हा लावली. जिथे वरचं सुटलं तिथे खालचं फूलही तुटून आलं, पण दोन थरांमधला जोड काही सुटला नाही. मामी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मामा मात्र तिथेच, धुळीत, खुर्चीवर बसून होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. "बघितलंत, माप्पिळ्ळै? कसं धरलंय! निघतंय का? वरून टाकलेलं असं धरतं!"

तर सांगायचं एवढंच. जुन्या फरशीवर नवी बसवायला हरकत काही नाही. धूळ कमी, खर्च कमी, मामा तर प्रत्यक्ष पुरावाच देतील. फक्त आधी एकेक फरशी ठोकून बघा, जी डब् बोलेल ती काढा आणि कडेला फट सोडा. दारांची, ओट्याची आणि त्याखालच्या यंत्रांची मापं काम सुरू व्हायच्या आधीच घ्या. आणि ती मापं घरातल्या वरूनरावांना घेऊ देऊ नका. मामींना घेऊ द्या.